बर्फाच्या रस्त्यावर कोणती सायकल?



आपल्या वस्त्यांतील मुले-मुली आता उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. कोणी राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेला, कोणी बँकेचे कर्ज काढून, तर कोणाच्या आईचे दागिने सोनाराकडे गहाण पडले आहेत. त्यातली बरीच मुले जर्मनी, फिनलंड, स्वीडन, कॅनडा अशा थंड मुलखात आहेत. तेथे परवडणारी खोली विद्यापीठापासून लांब मिळते, बसचा पास महिन्याच्या हिशेबात टोचतो, म्हणून मूल पहिल्याच महिन्यात सायकल घेते. सप्टेंबरात ती मजेत चालते. नोव्हेंबर लागला की रस्ता गोठतो आणि मग घरी फोन येतो, "आई, पडलो होतो, पण फार लागलं नाही." फार लागले नाही हे वाक्य कोणत्याही आईला खरे वाटत नाही. अशा काही पालकांनी विचारले आहे की, बर्फावर चालेल अशी सुरक्षित सायकल कोणती घ्यावी आणि त्यासाठी किती पैसे पाठवावेत? तेथे राहणाऱ्या मुलांशी बोलून आणि टायर बनविणाऱ्यांची माहितीपत्रके वाचून जे हाती लागले, ते येथे मांडीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, बर्फावर माणसाला सायकल सांभाळीत नाही, टायर सांभाळतात. त्यामुळे पैसा जायचा तो आधी टायरवर गेला पाहिजे. गिअर किती, रंग कोणता, कंपनी कोणती हे सगळे नंतर.

आपल्याकडे पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते आणि स्कूटरवाले धडाधड पडतात, ते आपण पाहिलेले आहे. बर्फाची गत त्याहून वाईट. कोरड्या डांबरावर रबराची जेवढी पकड असते, तिचा सातवा-आठवा हिस्साही ओल्या बर्फावर राहत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. थंडी जितकी जास्त तितके निसरडे अधिक, असे आपल्याला वाटते. ते खरे नाही. उणे १५ किंवा उणे २० अंशांवर बर्फ कोरडा, खरखरीत होतो. सर्वांत घातकी बर्फ शून्य अंशाच्या आसपासचा. दिवसा थोडे वितळायचे, रात्री पुन्हा गोठायचे आणि सकाळी रस्त्यावर काचेसारखा पातळ थर. खालचे काळे डांबर त्यातून दिसत असते, म्हणून त्याला काळा बर्फ म्हणतात. रस्ता नुसता ओला आहे असे समजून माणूस त्यावर जातो आणि आडवा होतो. पुलावर हा थर आधी धरतो, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो.

म्हणून मूल कोणत्या गावी आहे ते आधी विचारा. फिनलंडच्या उत्तरेकडे औलू नावाचे शहर आहे. हिवाळ्यातल्या सायकलींसाठी ते जगभर ओळखले जाते. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली तेथेच भरली होती. तेथे थंडी एकसारखी असते, बर्फ लवकर वितळत नाही. नगरपालिका सायकलींच्या वाटांवरील बर्फ नांगरून बाजूला करते आणि उरलेला दाबून खरखरीत ठेवते. अशा वाटेवर साध्या टायरवरही पुष्कळ लोक जातात, त्यात शाळकरी मुले आणि आजीबाईही असतात. याउलट हेलसिंकी, बर्लिन, टोरांटो यांसारख्या शहरांत हवा शून्याच्या वर-खाली होत राहते. तेथे थंडी औलूपेक्षा कमी, पण धोका जास्त. तुमचे मूल अशा शहरात असेल तर खिळ्यांचे टायर घ्यावेत की नाही, हा विचार करीत बसू नये. घ्यावेतच.

खिळ्यांचे टायर म्हणजे काय? टायरच्या रबरात छोटे छोटे धातूचे खिळे बसविलेले असतात. त्यांची टोके एक-दोन मिलिमीटर बाहेर येतात आणि बर्फात रुततात. दुकानात विचारावयाचा पहिला प्रश्न असा: खिळे कशाचे आहेत? साध्या पोलादाचे खिळे डांबरावर लवकर झिजून जातात. टंगस्टन कार्बाइडचे टोक असलेले खिळे पुष्कळ वर्षे टिकतात. त्यामुळे स्वस्त म्हणून पोलादी खिळे घेतले तर दोन हिवाळ्यांत पुन्हा तेवढाच खर्च. दुसरा प्रश्न खिळ्यांच्या ओळींचा. नोकियन या फिनलंडच्या नावाने निघालेल्या टायरांत एका प्रकाराला १०६ खिळे दोन ओळींत आणि दुसऱ्याला २४० खिळे चार ओळींत असत. दोन ओळींचा टायर सपाट बर्फावर पुरतो. पण मोटारींच्या चाकांनी बर्फात चाकोऱ्या पडलेल्या असतात, त्यांतून बाहेर निघताना चाक कडेने घसरते. तेथे कडेच्या ओळीच कामाला येतात. रोज सकाळी ज्याला वर्ग गाठायचा आहे, त्याने चार ओळींचे घ्यावेत. जर्मनीतील श्वाल्बे कंपनीचेही असे टायर मिळतात.

(जाता जाता सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात एकेकाळी जो नोकिया मोबाइल होता, त्या नावाचे मूळ फिनलंडमधील नोकिया या गावात आहे. त्या परिवारातील रबर कारखान्याने १९२५ साली सायकलचे टायर बनवावयास सुरुवात केली. मोबाइल फार पुढची गोष्ट!)

जर्मनीत मोटारींना खिळ्यांचे टायर लावण्यास बंदी आहे. त्यामुळे काही मुले घाबरून सायकललाही लावीत नाहीत. सायकलला ती बंदी नाही.

हातात पैसे एकाच टायरचे असतील तर तो पुढच्या चाकाला बसवावा. कारण सोपे आहे. मागचे चाक घसरले तर सायकल शेपूट हलविते, माणूस बहुधा सावरतो. पुढचे चाक घसरले की सावरायला क्षणही मिळत नाही. माणूस हातावर पडतो आणि मनगट मोडते. मागचा टायर पुढच्या महिन्यात घेता येईल.

नवे टायर बसविल्यावर पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर साध्या रस्त्यावर, जोराने ब्रेक न दाबता चालवावेत म्हणजे खिळे रबरात नीट बसतात. नाहीतर ते गळून पडतात. म्हणून बर्फ पडण्याची वाट न पाहता ऑक्टोबरच्या अखेरीस टायर बदलून घ्यावेत. हवेचेही तसेच. टायरच्या कडेवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवेचा आकडा छापलेला असतो. बर्फावर खालच्या आकड्याजवळ हवा ठेवावी म्हणजे टायर पसरतो आणि जास्त खिळे जमिनीला लागतात. रस्ता कोरडा असेल त्या आठवड्यात थोडी वाढवावी.

आता सायकलकडे वळू. जुनी सायकल चालेल, किंबहुना जुनीच घ्यावी. बर्फ वितळविण्यासाठी पुष्कळ शहरांत रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ चेन, नटबोल्ट, स्पोक सगळे खाऊन टाकते. नवी कोरी सायकल एका हिवाळ्यात जुनी होते. परंतु जुनी सायकल घेण्यापूर्वी चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये जागा किती आहे ते पाहावे. खिळ्यांचे टायर जाड असतात, वर मडगार्ड हवे, आणि दोन्हींच्या मध्ये बर्फ साचणार. जेथे बोट शिरत नाही तेथे हा टायर फिरणार नाही. रेसची बारीक चाकांची सायकल याच कारणाने बाद.

ब्रेकच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. रिमवर रबर दाबणारे आपल्या ओळखीचे ब्रेक बर्फात भरवशाचे नाहीत. रिम ओली होऊन तिच्यावर बर्फ धरतो, ब्रेक दाबल्यावर चाक दोन-चार फेरे तसेच फिरते आणि मग पकडते. तेवढ्यात समोरची मोटार जवळ आलेली असते. डिस्क ब्रेक चांगले, पण महाग. फिनलंडमध्ये पुष्कळ साध्या सायकलींना पायडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असतो. तो मागच्या हबच्या आत बसविलेला असतो. त्याला बर्फ लागत नाही, मीठ लागत नाही, गोठून बसायला केबल नाही. आपल्या मुलांना सवय नसल्याने पहिले दोन दिवस विचित्र वाटते. मोकळ्या मैदानात आठवडाभर सराव करावा. गिअर नसलेली, असा ब्रेक असलेली जुनी सायकल ही गरीब विद्यार्थ्याला सर्वांत उत्तम, असे मी म्हणेन. चढउताराचे गाव असेल तर हबच्या आत गिअर असलेली पाहावी. बाहेर उघड्यावर असलेल्या गिअरमध्ये बर्फ भरतो.

कडक थंडीत आणखी एक फजिती होते. पायडल मारावे तर ते नुसतेच फिरते, चाक हलत नाही. फ्रीव्हीलच्या आतील ग्रीस घट्ट होऊन आतले खटके चिकटून बसतात, म्हणून असे घडते. तेथील मेकॅनिकला सांगून आत थंडीला चालणारे पातळ तेल घालून घ्यावे. सायकल रोज उबदार खोलीत आणून पुन्हा थंडीत नेली की तिच्या अंगावर दव धरते आणि तेच पाणी बाहेर केबलमध्ये गोठते. त्यापेक्षा बाहेर छपराखाली ठेवलेली बरी.

सीट नेहमीपेक्षा खाली करावी. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मधली नळी खाली असलेली, ज्याला आपण लेडीज सायकल म्हणतो, ती मुलांनीही घ्यावी. घसरताना पाय चटकन काढता येतो. यात लाजण्यासारखे काही नाही, तिकडे पुरुषही तीच वापरतात. पायडल रुंद आणि खरखरीत असावे, बूट अडकविणारे नसावे.

दिव्याकडे आपली मुले दुर्लक्ष करतात. औलूला डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे साडेतीन तासांचा असतो. म्हणजे जाताना अंधार, येताना अंधार. बॅटरीचे दिवे थंडीत लवकर मान टाकतात. पुढच्या हबमध्ये डायनॅमो असलेली सायकल मिळाली तर थोडे पैसे अधिक देऊनही घ्यावी.

काही मुलांना जाड, चार इंची टायरच्या सायकलीचा मोह पडतो. भुसभुशीत बर्फात ती चालते हे खरे, पण काळ्या बर्फावर खिळे नसतील तर तीही घसरते. बॅटरीवर चालणारी सायकल खाद्यपदार्थ पोहोचविण्याचे काम करणाऱ्या मुलांना हवीशी वाटते. ती घेतलीच तर मोटर पुढच्या चाकात असलेली घेऊ नये. बर्फावर पुढचे चाक जागीच गरगर फिरते आणि माणूस पडतो. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते, आणि शून्याखालच्या थंडीत ती चार्ज करू नये, खराब होते. रात्री बॅटरी तेवढी काढून खोलीत न्यावी. असे काम धरण्याआधी पडल्यास औषधपाण्याचा खर्च कोण देणार, विमा कोणाचा, हे मुलाने लेखी विचारून घ्यावे.

हिशेब ढोबळ सांगतो. सोपे म्हणून एका युरोला १०० रुपये धरा. जुनी धड सायकल १२० युरोच्या आसपास, चार ओळींचे दोन टायर १०० ते १२०, दिवे, हेल्मेट आणि चांगले कुलूप मिळून ८० ते १००. एकूण साधारण ३०० ते ३४० युरो, म्हणजे तीस-चौतीस हजार रुपये. आपल्यासारख्या घरात ही रक्कम लहान नाही, मी जाणतो. ओढाताण असेल तर हेल्मेट, पुढचा टायर आणि दिवे या तीन गोष्टींना हात लावू नये, सायकल मात्र आणखी स्वस्त चालेल. सायकल घेताना पावती अवश्य घ्यावी आणि फ्रेमवरचा नंबर लिहून ठेवावा. चोरीच्या सायकली अर्ध्या किमतीत विकणारे तिकडेही आहेत.

रस्ता कोण साफ करतो, आधी कोणाचा करतो, हाही प्रश्न आहेच. स्वीडनमधील कार्ल्सकोगा या गावात पूर्वी मोटारींचे मोठे रस्ते आधी साफ होत आणि पायवाटा, सायकलींच्या वाटा शेवटी. पायी आणि सायकलने जाणाऱ्यांत बायका जास्त, घसरून पडणाऱ्यांतही पायी जाणारेच जास्त, हे ध्यानी आल्यावर त्या नगरपालिकेने क्रम उलटा केला. कोपनहेगनमध्येही सायकलींच्या वाटांना अग्रक्रम मिळतो. मुलाने खोली घेताना भाड्याबरोबर एवढे विचारावे की, घरापासून विद्यापीठापर्यंतची वाट सकाळी सातच्या आत साफ होते काय?

काही दिवस असे असतात की गोठणारा पाऊस पडतो. पडल्या पडल्या त्याचा काच होतो. त्या दिवशी बसने जावे. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्यावेत. इतर दिवशी वळणावर ब्रेक दाबू नये, वळणाआधीच वेग कमी करावा आणि पुढचा ब्रेक जपून वापरावा, एवढे सांभाळले तरी पुष्कळ झाले.

एप्रिलमध्ये रस्ते कोरडे झाले की खिळ्यांचे टायर काढून साधे लावावेत. कोरड्या रस्त्यावर ते खडखडतात, जड चालतात आणि विनाकारण झिजतात. काढलेले टायर उन्हाबाहेर, कोरड्या जागी ठेवावेत. शिक्षण संपवून परत येताना ते फेकू नयेत. कार्बाइडचे खिळे शाबूत असतात, तेव्हा नव्याने आलेल्या मुलामुलींपैकी कोणाला तरी अर्ध्या किमतीत द्यावेत, आणि चाळीस किलोमीटरची व हवेची गोष्टही सांगावी.