‘वय झालं’ हे निदान नव्हे

घरातल्या सासूबाई नेहमीच्या वाटेवर चुकायला लागल्या, बोलता बोलता गप्प होऊ लागल्या, की आपण पटकन म्हणतो, ‘वय झालं आता त्यांचं.’ मैत्रिणींनो, मला या वाक्याचीच भीती वाटते.

वयाचं विसरणं सावकाश वाढतं. पण महिना-दोन महिन्यांत माणूस बदलला, एका बाजूला तोल जाऊ लागला, शब्द सापडेनात, आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली, तर ते वयावर ढकलू नये. कधी रक्तातलं सोडियम कमी झालेलं असतं, कधी पडल्यामुळे डोक्यात रक्त साचलेलं असतं. क्वचित मेंदूत गाठ असते.

मेंदूचा लिम्फोमा ही अशीच एक दुर्मीळ गाठ, बहुतेक साठीच्या आसपास किंवा नंतर आढळणारी. एमआरआयवरून शंका येते, पण खात्रीसाठी सहसा कवटीला बारीक छिद्र पाडून सुईनं तुकडा काढावा लागतो. गाठ कापून काढणं हा यावरचा मुख्य उपचार नाही. मेथोट्रेक्झेट हे औषध मोठ्या मात्रेत, दवाखान्यात ठेवून, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवत सलाइनमधून देतात. काहींना त्यातून चांगली वर्षं मिळतात, काहींचा आजार उलटतो.

इथे एक मेख आहे. मेंदूची सूज उतरवायला स्टेरॉइड देतात. आजी चार दिवसांत उठून बसतात, घर खूश! पण या औषधानं लिम्फोमा तात्पुरता आक्रसतो, मग तुकड्यात काही सापडत नाही आणि निदान लांबतं. म्हणून विचारा, ‘डॉक्टर, तपासणीआधी स्टेरॉइड द्यायलाच हवं का?’ जिवावर बेतलं असेल तर द्यावंच लागतं. आणि सुरू झालेलं औषध आपल्या मनानं बंद करू नका.

‘या वयात कशाला चिरफाड?’ असं नातेवाईक म्हणतात. माझं म्हणणं एवढंच, की आधी निदान होऊ द्या, मग ठरवा. नुसतं वय बघू नका, हृदय, मूत्रपिंडं, हिंडण्याफिरण्याची ताकद बघा. सगळ्या मेंदूला शेक दिला तर म्हातारपणी स्मरणशक्ती ढासळू शकते, तेही विचारून घ्या. खर्चाचं म्हणाल, तर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत घेतलं आहे. योजनेतल्या रुग्णालयात चौकशी करा.

हे बदल सर्वांत आधी दिसतात ते सोबत राहणाऱ्या सुनेला, लेकीला. तारखांसकट वहीत लिहा आणि डॉक्टरांपुढे ठेवा. निर्णय मात्र बाहेरच्या खोलीत मुलांनी परस्पर घेऊ नये. आजींना समजत असेल, तर त्यांनाही विचारा. उपचार नको म्हणण्याचा हक्कही त्यांचाच आहे.