बांध कोणाचा, पाटी कोणाची?

‘अनु’ या उपसर्गाचा अर्थ ‘मागून’, असे मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. अनुचर, अनुज, अनुयायी. या न्यायाने जे दान कामाच्या मागून येते ते अनुदान. हल्ली आमच्या खाडीकाठी मात्र दान पुढे चालते आणि काम त्याच्या मागून धापा टाकीत येते. पुष्कळदा येतच नाही.

मध्यंतरी आमच्या खाडीवर एक पाटी लागली. ‘किनारी अधिवास पुनरुज्जीवन, भागीदारी प्रकल्प’. पाटीवर सात बोधचिन्हे: कोणी देणगीदार कंपनी, कोणी प्रतिष्ठान, कोणी सरकारी खाते. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, ‘लाभार्थी: ग्रामस्थ’. मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेल्या मास्तराला व्यवहाराचे ज्ञान बेताचेच. तरी विचारतो, किराणा दुकानाच्या भागीदारीत ज्याची जागा, ज्याचे अंगमेहनतीचे काम आणि बुडाल्यास ज्याचे पोट, त्याला कोणी ‘लाभार्थी’ म्हणते काय? तो मालक असतो, निदान भागीदार तरी असतो. माझे भांडण या एका शब्दाशी आहे.

वाचकहो, दिवाळीत आमच्याकडे नव्या भाताचे पोहे करतात. खारजमिनीतला ‘राता’ हा जुना भात खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. त्याचे तांबूस पोहे ज्यांनी खाल्ले असतील त्यांना त्यांची चव सांगायला नको. ही जमीन समुद्राने दिलेली नाही, आमच्या पूर्वजांनी त्याच्याकडून ओढून घेतली आहे. मातीचा बांध घातला, बांधात उघाडी ठेवली. ओहोटीला आतले पाणी बाहेर जावे, भरतीला बाहेरचे आत येऊ नये, एवढेच तिचे काम. हा बांध दरवर्षी राखावा लागतो. खेकडे त्याला भोके पाडतात, उधाण त्याची माती नेते. अलिबाग-पेणकडे यासाठी ‘जोळ’ होती. म्हणजे ज्यांची शेते त्या बांधाच्या आत, त्यांनी मिळून बांध राखायचा. कोठे खांड पडली की घरटी माणूस चिखलात उभा राहायचा. त्या वेळी या व्यवस्थेला कोणी भागीदारी म्हटले नाही, कारण ती होती.

पुढे १९४८ साली मुंबई राज्याचा खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा झाला. हेतू चांगलाच होता. पण बांध सरकारचा म्हटल्यावर गावाचा हात सैल पडला, आणि सरकारचा हात अंदाजपत्रकाच्या लांबीचा. आज खांड पडली तर अर्ज जातो, पाहणी होते, मंजुरीची वाट पाहिली जाते. समुद्र मात्र दिवसातून दोनदा येतो. दोन पावसाळे शेतात खारे पाणी फिरले की तेथे तिवर उगवते. मग ती जमीन भाताची राहत नाही, कांदळवनाची होते. आणि कांदळवन कोणाच्याही मालकीच्या जमिनीवर असो, ते तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली तसे स्पष्टच सांगितले. सातबारा बापाच्या नावावर, जमीन तिवराच्या नावावर! माझ्या वर्गातल्या ज्या मुलांचे वडील मुंबईला कामाला गेले, त्यांतल्या काहींच्या घरची शेते अशीच गेली आहेत.

यावरून मला कोणी कांदळवनाचा वैरी ठरवू नये. तो निकाल मला मान्य आहे. बिल्डर आणि भराववाले यांच्यापासून खाडी वाचवायला तेवढा धाक हवाच. बांधाच्या बाहेरचे तिवर लाटेचा जोर मोडते, त्याच्या मुळांत कोळंबी वाढते, आणि ज्या बांधापुढे तिवर दाट तो बांध टिकतो, हे आमच्या म्हाताऱ्यांना कोणत्याही अहवालाआधी ठाऊक होते. पण बाहेरचे तिवर आणि आतले भात ही एकाच घराची दोन दालने आहेत. अनुदान देणारे ती वेगळी करतात. झाडांचा पैसा एका खात्याकडे, बांधाचा दुसऱ्याकडे, आणि ज्या डोंगरावरून गाळ सुटून खाडीत येतो त्या डोंगराच्या पाणलोटाचा तिसऱ्याकडे. तिन्ही भागीदार एकाच पाटीवर असतात, एकाच बांधावर कधी दिसत नाहीत.

शिवाय झाडे मोजायला सोपी. बांध राखला याचा फोटो काय काढणार? तो काल होता तसाच आज दिसतो. म्हणून रोपे लावतात, तीही जेथे कोणाची हरकत नसते तेथे, म्हणजे उघड्या चिखलावर, जेथे भरतीचे पाणी इतका वेळ उभे राहते की रोप गुदमरते. हे आमच्याच खाडीपुरते आहे असे नाही. फिलिपिन्समध्ये दोन दशके भरपूर पैसा ओतून कांदळवने लावली. २००८ साली तेथल्या संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा दीर्घकाळ जगलेली रोपे साधारण १० ते २० टक्केच निघाली. श्रीलंकेत २००४च्या त्सुनामीनंतर देशोदेशीचा पैसा आला. पुढे २३ ठिकाणे तपासली, त्यांतल्या ९ ठिकाणी एकही रोप उरले नव्हते. आमच्या शाळेतल्या एका मुलाने ‘वृक्षारोपण’ या विषयावर निबंध लिहिला, त्यात सरळ लिहिले: ‘साहेब गाडीतून गेले आणि रोपे उधाणातून गेली.’ मी त्याला दहापैकी नऊ दिले. एक गुण शुद्धलेखनाचा कापला.

पैसा थोडाथोडका नाही. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला लावले. २०१८ साली हरित हवामान निधीने महाराष्ट्र, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर केले. प्रश्न मुदतीचा आहे. कंपनीचे काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून नोंदले, तरी सुरुवातीचे वर्ष सोडून त्याला तीनच वर्षे मिळतात. तीन वर्षांत बांध जुनासुद्धा होत नाही!

मग परक्याचा पैसा नकोच का? तसे मी म्हणत नाही. घाटावर १९९०नंतर जर्मनीच्या पैशाने पाणलोटाची कामे झाली. फादर हर्मन बाकर या स्वित्झर्लंडच्या पाद्र्याने त्यांत आयुष्य घातले, नाबार्डने देखरेख केली. तेथे अट अशी की आधी गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी कबूल करावी, श्रमदानाचा आपला वाटा घालावा आणि पुढच्या दुरुस्तीसाठी निधी बाजूला काढावा. म्हणजे दान खरोखरच कामाच्या मागून आले. आमच्या किनाऱ्यावरही २०१७च्या कांदळवन उपजीविका योजनेत सामूहिक कामाला ९० टक्के सरकारचे आणि १० टक्के गटाचे, अशी वाटणी आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. त्या बायकांना लाभार्थी म्हणण्याची माझी छाती नाही.

‘गावाच्या हाती पैसा दिला तर गाव खाईल,’ हा आक्षेप मी शहरातल्या सभ्य गृहस्थांकडून नेहमी ऐकतो. खातील, एखादा खाईलही. पण बांधाला खांड पडली की ती गावच्या प्रत्येक म्हातारीला दिसते, आणि ज्याने पैसे खाल्ले त्याला विहिरीवर पाणी भरणे कठीण होते. इंग्रजी अहवालाला पडलेली खांड कोणाला दिसते?

माझी मागणी लहान आहे. रक्कम निम्मी करा, मुदत दहा वर्षांची करा. बांध, उघाडी, पुढचे तिवर आणि वरचा डोंगर यांचा एकच हिशेब ठेवा, आणि तो मराठीत, चावडीवर लावा. पैसे रोप लावल्याच्या दिवशी देऊ नका. तिसऱ्या पावसाळ्यानंतर जे उभे असेल त्याचे द्या. आणि भागीदारांची बैठक एकदा तरी आमच्याकडे ठेवा. लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते, त्या सुमारास आमच्या खाडीला उधाण येते. सातही बोधचिन्हांनी त्या वेळी बांधावर यावे. पोहे आमच्याकडचे, पायांत वहाणा मात्र घालून येऊ नये, त्या चिखलात राहतात.