शिध्यांतील दाणा व मोटारीचें इंधन

जिलबीचें पीठ रात्रभर झांकून ठेविलें असतां सकाळीं तें फुगून वर येतें व त्यावर बुडबुडे दिसतात, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकभगिनींना असेलच. त्या पिठांत इतर सूक्ष्म जीवांबरोबर यीस्ट नांवाचा जो जीव राबत असतो, त्याचेच भाऊबंद आज कारखान्यांतील मोठमोठ्या टांक्यांत आपल्या मोटारींचें इंधन तयार करीत आहेत.

त्याची रीत अशी. मका किंवा तांदळाची कणी दळून पाण्यांत शिजवितात. यीस्टला पिष्ट पचत नाहीं. त्यास साखर हवी. पोळीचा घास बराच वेळ चावला असतां गोड लागतो, तो लाळेंतील पाचक द्रव्यामुळें. तशाच जातीचीं द्रव्यें घालून कारखान्यांत पिष्टाची साखर करितात. पुढें सुमारें ३२ अंश सेल्सिअस उष्णतेंत यीस्ट दोन-तीन दिवस त्या साखरेवर काम करितें. १०० भार साखरेपासून फार तर ५१ भार मद्यार्क मिळतो. बाकीचा ४९ भार कर्बद्विप्राणिद वायु होऊन निघून जातो. नंतर ऊर्ध्वपातनानें मद्यार्क वेगळा काढून त्यांतील उरलेंसुरलें पाणीहि काढून टाकितात. मग तो पेट्रोलांत मिसळण्यास योग्य होतो.

पेट्रोलांत २० टक्के मद्यार्क मिसळण्यासाठीं २०१८ च्या जैवइंधन धोरणानें २०३० सालची मुदत घातली होती. तो पल्ला आपल्या देशानें २०२५ सालींच गांठला. परकीय तेलाचा खर्च वाचतो व शेतकऱ्याच्या मक्यास गिऱ्हाईक मिळतें, हा लाभ आम्ही नाकारीत नाहीं. तथापि हिशेबाची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. एक टन मक्यापासून सुमारें ३८० लिटर मद्यार्क निघतो. म्हणजे ५० लिटरच्या टांकींतील १० लिटर मद्यार्क मक्याचा असेल, तर त्यापायीं सुमारें २६ किलो मका खर्ची पडला! त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा चोथ्याच्या रूपानें गुरांच्या खाद्यास परत मिळतो, हें खरें. परंतु पूर्वीं मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशास २०२४ सालीं तो बाहेरून आणावा लागला व खाद्य महागलें म्हणून कुक्कुटपालकांची ओरड सुरू झाली, हेंहि तितकेंच खरें.

ताटांत शीतहि टाकूं नये, असें आपण मुलांस शिकवितों. मग धान्याचें इंधन करणें हें पापच समजावयाचें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. भिजलेलें, किडलेलें, माणसाच्या खाण्यास निरुपयोगी झालेलें धान्य यीस्टच्या स्वाधीन करणें शहाणपणाचेंच होय. परंतु केवळ इंधनासाठीं चांगल्या जमिनीवर मका पिकूं लागला व डाळी आणि तेलबिया मागें हटल्या, तर तेलाच्या परावलंबनाऐवजीं आपण अन्नाचें परावलंबन पत्करूं. ज्या घरांत महिन्याचा शिधा मोजून भरतात, तेथील भगिनींना हा हिशेब समजावून सांगावयास नको. आधीं शिधा व मग इंधन, हा घरचा क्रम धोरण आंखणाऱ्यांनींहि मोडूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.