गुडघ्याची दुर्बीण: ना लाड, ना जादू

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. रात्री दंडार किंवा नाटक, दिवसा कबड्डी. चढाईला गेलेला गडी पाय रोवून झटक्यात वळतो, गुडघ्यात 'टक' असा आवाज होतो आणि तो तिथेच बसतो. दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो. 'वाटी सरकली' असा निकाल मैदानावरच लागतो. कुणी तेल चोळतो, कुणी पाय ओढून पाहतो. वाटी बहुतेक वेळा जागेवरच असते. वळताना आलेला आवाज आणि लगेच चढलेली सूज पाहून जाणकाराला पहिला संशय येतो तो सांध्याच्या आतले पुढचे लिगामेंट, म्हणजे एसीएल, फाटल्याचा.

अशा गुडघ्यासाठी जिल्ह्यातच खेळाच्या दुखापतींचा तज्ज्ञ हवा म्हटले, की पहिला आक्षेप पुढे येतो. स्पोर्ट्स मेडिसिन, आर्थ्रोस्कोपी (सांध्यात दुर्बीण घालून केलेली शस्त्रक्रिया) हे मोठ्या शहरातल्या मोठ्या खेळाडूंचे लाड आहेत; भातशेतीच्या जिल्ह्याला त्याचे काय? आक्षेपाला आधारही मिळतो. भालाफेकपटू नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ मध्ये आणि क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या गुडघ्यावर जानेवारी २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, ती मुंबईच्या कोकिलाबेन रुग्णालयात, डॉ. दिनशॉ पारडीवाला यांच्या हातून. गोंदियातून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस मुंबईला पोचते खरी, पण रोजंदारीवरचा माणूस गुडघा दाखवायला तिकडे जात नाही.

तरी याच उदाहरणात आक्षेपाचे उत्तर आहे. पंतचा गुडघा क्रिकेट खेळताना गेला नव्हता. ३० डिसेंबर २०२२ ला रुरकीजवळ त्याची गाडी दुभाजकावर आदळली. म्हणजे देशभर गाजलेली ही 'खेळाडूची शस्त्रक्रिया' मुळात रस्ता-अपघाताची होती. दुचाकीवरून पडणारे तर तिरोड्यापासून देवरीपर्यंत आहेतच. रोवणीच्या दिवसांत ओल्या धुऱ्यावरून पाय घसरला, गुडघा पिळला, तर आत तेच लिगामेंट आणि सांध्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटते. फरक पडतो तो नंतर. पंतच्या मागे क्रिकेट मंडळाचे डॉक्टर आणि फिजिओ उभे होते, मजुराची मजुरी मात्र त्याच दिवशी बुडते. हे शास्त्र लाडाचे असेल, तर ज्याचे पोट पायावर आहे त्याचा त्यावर हक्क आधी.

दुसरा गैरसमज अगदी उलट टोकाचा आहे आणि तो जास्त महागात पडतो: दुर्बीण घातली की गुडघा नवा. तो कसा रुजला, ते दुर्बिणीच्या इतिहासात दिसते. तोक्योत केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात मूत्राशय तपासण्याची दुर्बीण घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतूनच फाटक्या गादीचा तुकडा काढला. दोन बारीक छिद्रांत काम होऊ लागले, आणि काम सोपे झाले म्हणून ते नको तिथेही होऊ लागले. अमेरिकेत ह्यूस्टनला २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत झिजलेल्या गुडघ्यांचे १८० रुग्ण होते. काहींचा सांधा दुर्बिणीतून धुतला किंवा साफ केला, काहींच्या कातडीवर नुसते छेद दिले. दोन वर्षांनी खऱ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण खोट्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपेक्षा सरस ठरले नाहीत. फिनलंडमध्ये २०१३ मध्ये झिजून फाटलेल्या गादीच्या १४६ रुग्णांतही हेच दिसले. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने मार्गदर्शक शिफारस छापली: झिजेच्या गुडघ्यात दुर्बिणीची शस्त्रक्रिया जवळजवळ कुणाचीच करू नये.

तेव्हा आयुष्यभर चिखलात रोवणी केलेल्या पंचावन्न वर्षांच्या बाईच्या एमआरआयवर 'गादी फाटली' असे आले, तर घाईने ऑपरेशनची तारीख देणे ही तिची फसवणूक आहे. तिला मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा, वजन जास्त असेल तर ते उतरवणे हवे.

मग दुर्बीणच नको? तसेही नाही. स्वीडनमध्ये २०१० साली एसीएल फाटलेल्या १२१ तरुणांची चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया असे ठेवले होते, ते दोन वर्षांनी लगेच शस्त्रक्रिया झालेल्यांच्या बरोबरीने होते. पण त्यांच्यातल्या काहींना शेवटी शस्त्रक्रिया लागलीच. ज्याला पुन्हा कबड्डीत उतरायचे आहे आणि ज्याचा गुडघा वळताना निसटतो, त्याचे लिगामेंट नवे बसवावे लागते. निसटत्या गुडघ्यात धड गादीही फाटत जाते.

कोणता गुडघा उघडायचा आणि कोणता नाही, हे ओळखणे हीच या तज्ज्ञाची खरी विद्या. तिची सुरुवात यंत्राने होत नाही. रुग्णाला उताणे झोपवायचे, गुडघा वीस-तीस अंशांत वाकवायचा, एका हाताने मांडी घट्ट धरायची आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. लिगामेंट शाबूत असेल तर नडगी थोडी सरकून ठाम अडते. तुटले असेल तर सैल पुढे येते. ही लॅकमन चाचणी, मिनिटभराची.

शस्त्रक्रियेनंतरची कसोटी त्याहून लांब असते. नॉर्वेतल्या एका अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत मैदानात परतणे जसे लांबवले तसे पुन्हा दुखापतीचे प्रमाण प्रत्येक महिन्यामागे सुमारे ५१ टक्क्यांनी घटले. इतके महिने व्यायाम करून घेणारा माणूस मुंबईत असून उपयोग नाही. तो एसटीच्या एका तिकिटाच्या अंतरावर हवा.

'एवढ्याशा जिल्ह्यात असा सर्जन टिकणार कसा?' हा शेवटचा प्रश्न रास्त आहे. पण प्रत्येक शस्त्रक्रिया इथेच व्हावी असे कोण म्हणते? नागपूरला जुने मेडिकल कॉलेज आहे, २०१८ पासून एम्सही आहे. चिरफाड तिकडे होऊ द्या. निदान आणि व्यायाम मात्र इथेच व्हायला हवेत. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालते. तिथल्या अस्थिरोग विभागाने आठवड्यातून एक दिवस ओपीडी खेळ आणि सांध्यांच्या दुखापतींसाठी राखावी. जिल्हा क्रीडा कार्यालयाने शालेय स्पर्धांआधी आठही तालुक्यांच्या क्रीडाशिक्षकांना एक गोष्ट शिकवावी: आवाज आला आणि सूज चढली, तर त्या पोराला पुन्हा मैदानात उतरवायचे नाही, पाय ओढायचा नाही, त्या ओपीडीत पाठवायचे. आर्थ्रोस्कोपीच्या यंत्राची निविदा त्यानंतर निघाली तरी चालेल. पैशाचा पहिला हप्ता फिजिओथेरपीला मिळावा.