हातातील संगणकाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

सीताबर्डीच्या बाजारात स्मार्टफोन घ्यावयास गेलेला ग्राहक काय पाहतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. पडदा किती मोठा, छायाचित्र किती स्वच्छ, बॅटरी दिवसभर पुरते की नाही आणि हप्त्याने मिळतो काय, एवढे चार प्रश्न विचारून तो निर्णय घेतो. निर्णय चुकला तर नुकसान त्याचे एकट्याचे असते आणि ते तो निमूटपणे सोसतो. परंतु तेच यंत्र जेव्हा शासन कामाची अट म्हणून एखाद्याच्या हाती देते, किंवा ते जवळ असल्यावाचून नागरिकाचे काम अडेल अशी व्यवस्था करते, तेव्हा हे चार प्रश्न अपुरे पडतात. मग यंत्र चांगले की वाईट एवढे विचारून भागत नाही. ते कोणाच्या हाती चांगले, कोणत्या हवेत चांगले आणि बंद पडले तर भुर्दंड कोणी सोसावयाचा, हेही विचारावे लागते. महाराष्ट्रात ह्या प्रश्नांची कसोटी पाहणारा एक मोठा प्रयोग २०१९ पासून झाला आहे. तो झाला अंगणवाडीत; आणि त्याचा धडा अंगणवाडीपुरता मर्यादित नाही.

फुकट मिळालेली वस्तू परत का गेली?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. बालकांची वजने, लसीकरण, गर्भवती व स्तनदा मातांच्या भेटी, आहाराचे वाटप ह्या सर्वांची नोंद अंगणवाडी सेविका हाताने लिहीत असे. कालांतराने ह्या नोंदवह्यांची संख्या अकरावर गेली. ८ मार्च २०१८ रोजी पोषण अभियानाचा प्रारंभ झाला आणि वह्यांचा हा भार स्मार्टफोनवर टाकावा, असे धोरण आले. महाराष्ट्रात २०१९ मध्ये सुमारे एक लाख सेविकांना असे फोन देण्यात आले. आरंभी त्यांत ‘कॅस’ नावाची संगणकीय प्रणाली होती. १ मार्च २०२१ पासून केंद्र सरकारने तिच्या जागी ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आणले.

त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात राज्यभरच्या सेविकांनी हे फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले. फोन तापतात, मध्येच अडकतात, २ जीबी रॅमच्या ह्या यंत्राला नवे ॲप पेलवत नाही, ॲपची भाषा इंग्रजी आहे, आणि दुरुस्तीचा खर्च आपल्याच पदरातून करावा लागतो, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. भाषेचा प्रश्न तर मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला.

ह्या घटनेकडे त्या वेळी एक कामगार आंदोलन म्हणून पाहिले गेले. वस्तुतः अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती त्याहून अधिक लक्षणीय होती. ज्या वस्तूसाठी एक पैसाही मोजावा लागला नाही, ती वस्तू हजारो माणसे आपण होऊन परत करतात, याचा अर्थ उघड आहे. खरेदीची किंमत शून्य असली तरी वापराची किंमत शून्य नव्हती. आणि ती वापरापासून मिळणाऱ्या लाभापेक्षा अधिक झाली होती. दैनंदिन उपयोगाच्या यंत्राबद्दल यापेक्षा स्पष्ट अभिप्राय मिळणे कठीण.

वापराची किंमत

ही किंमत नेमकी कशाची होती? पहिली बाब क्षमतेची. फोन एकदाच खरेदी केला जातो, पण त्यातील ॲप मात्र दर काही महिन्यांनी सुधारले जाते आणि प्रत्येक सुधारणेबरोबर अधिक जागा व अधिक शक्ती मागते. त्यामुळे यंत्रात कोणताही बिघाड न होताही ते निकामी होऊ शकते. शिवणयंत्र वा सायकल ह्यांचा घसारा वापराने होतो. स्मार्टफोनचा घसारा दूर कोठेतरी बसलेल्या प्रणालीकाराच्या निर्णयानेही होतो. तो फोन घेणाऱ्याच्या हाती नसतो, आणि खरेदीच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूदही सहसा नसते.

दुसरी बाब हवामानाची. हातातील ह्या संगणकांना थंड हवा मानवते. ॲपलसारखी कंपनी आपल्या महागड्या फोनसाठी सभोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सियस असावे, असे सांगते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे नवलाचे नाही. अशा उन्हात घरोघर फिरणाऱ्या सेविकेच्या हातातील फोन तापतो, पडदा मंद करतो, चार्जिंग थांबवतो. यंत्र स्वतःला वाचवीत असते, परंतु काम तेवढा वेळ खोळंबते.

तिसरी बाब हातांची. आजच्या फोनचा पडदा दाबाने नव्हे, तर बोटाच्या स्पर्शाने विद्युतभारात होणाऱ्या सूक्ष्म बदलाने चालतो. घामाने वा पाण्याने ओले झालेले बोट त्याला गोंधळात टाकते; कष्टाने राठ, कोरडे झालेले बोट त्याला नीट जाणवत नाही. कार्यालयात बसणाऱ्याला ही अडचण क्वचितच येते. शेतात राबणाऱ्या किंवा आहार शिजवून नुकतेच हात धुतलेल्या बाईला ती रोज येते.

चौथी बाब भाषेची. जिचे सर्व शिक्षण मराठीत झाले, जिने वर्षानुवर्षे मराठी वह्यांत अचूक नोंदी केल्या, तिला इंग्रजी पडद्यासमोर उभे केले की ती एका दिवसात अडाणी ठरते. तिचे ज्ञान कमी झालेले नसते. ते व्यक्त करण्याचा मार्ग तेवढा बंद झालेला असतो. मग ती शेजारच्या शिकलेल्या मुलाकडून नोंद भरून घेते. त्या नोंदीची विश्वासार्हता किती, हा प्रश्न निराळाच.

उपभोग्य वस्तू की उत्पादनाचे साधन?

येथे एक मूलभूत भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. बाजारातून हौसेने घेतलेला फोन ही उपभोग्य वस्तू होय. सेविकेच्या हातातील फोन हे कामाचे साधन आहे. साधनाची देखभाल, त्याचा घसारा आणि ते बंद पडल्याचा तोटा हा काम करवून घेणाऱ्याच्या खात्यावर पडावा, हा उद्योगाचा जुना नियम आहे. नागपूरकरांना त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये येथे एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे सूतकताईचे नवे रिंग चाते त्यांनी ह्याच गिरणीत वापरून पाहिले. प्रयोग फसला असता तर तोटा गिरणीचा होता. चात्यावर उभ्या असलेल्या कामगाराला तुटलेल्या भागाचे दाम भरावे लागले नसते. विदर्भाच्या कोरड्या हवेला तोंड देण्यासाठी गिरणीत आर्द्रता राखणारी यंत्रे बसविण्यात आली. सूत तुटते म्हणून कामगाराच्या बोटांना दोष दिला गेला नाही. यंत्र येथील हवेत चालावे ही जबाबदारी यंत्र आणणाऱ्याची, हे तत्त्व नागपुरात एका शतकाहून अधिक काळ परिचित आहे.

अंगणवाडीत हे तत्त्व उलटे झाले. २०२३ पूर्वी राज्यातील सेविकेचे मासिक मानधन ८,३२५ रुपये होते. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात ते १०,००० रुपये करण्याची घोषणा झाली. समजा, फुटलेला पडदा बदलण्यास दीड हजार रुपये लागले. जुन्या मानधनाचा हा १८ टक्के भाग झाला. दरमहा ५० हजार मिळविणाऱ्या नोकरदारास हाच खर्च ३ टक्क्यांचा. एकाच यंत्राची एकच दुरुस्ती. पण तिचा भार सहापट. ‘फोन स्वस्त झाले आहेत’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे. कोणाच्या मिळकतीच्या मानाने स्वस्त, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ प्राप्त होत नाही.

दुसरी बाजू

अर्थात, ह्यावरून स्मार्टफोन नकोच असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. अकरा वह्यांचे ओझे खरोखरच जाचक होते. एकच माहिती चार ठिकाणी उतरवण्यात सेविकेचा जो वेळ जात असे, तो मुलांच्या वाट्याचा वेळ होता. एखाद्या गावात वजन घटलेल्या बालकांची संख्या वाढली तर ती वरिष्ठांना महिनाअखेरच्या अहवालाची वाट न पाहता कळावी, यात वाईट काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३६.१ टक्के बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आणि ३५.२ टक्के खुरटलेली आढळली. ज्या राज्यात दर तीन बालकांमागे एकाची ही स्थिती आहे, तेथे जलद माहितीचे मोल कोणीही नाकारणार नाही. शासनानेही चुका काही अंशी दुरुस्त केल्या आहेत. पोषण ट्रॅकर आता मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे आणि सेविकांना नवे फोन देण्याचा निर्णयही झाला.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. फोन बालकाचे वजन करीत नाही. ते तराजू करतो. तराजू सदोष असेल तर चुकीचा आकडा अधिक वेगाने मंत्रालयात पोहोचतो, इतकेच. माहितीचा वेग म्हणजे माहितीचा दर्जा नव्हे, आणि माहिती म्हणजे आहार तर नव्हेच.

दार एकच असू नये

आता हा भार सेविकेकडून लाभार्थ्याकडे सरकू लागला आहे. १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याच्या पोषण आहारासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची करण्यात आली. गैरव्यवहार रोखणे हा तिचा हेतू असून तो योग्यच आहे. परंतु पेंचच्या जंगलालगतच्या एखाद्या गावात त्या दिवशी रेंज मिळाली नाही, किंवा चेहरा जुळला नाही, तर आईने रिकाम्या हाताने परतावयाचे काय? सेविका तिला नावानिशी ओळखते. यंत्र ओळखत नाही. दोघांच्या साक्षीत तफावत पडली तर कोणाची साक्ष ग्राह्य धरावयाची, हा प्रश्न तांत्रिक नव्हे, तो न्यायाचा आहे.

शेतीतही हेच चित्र आहे. पूर्वी तलाठी पिकांची नोंद करी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीद्वारे ती शेतकऱ्याने बांधावर जाऊन फोनवरून करावी, अशी पद्धत आली. हमीभावाने विक्री, विमा व नुकसानभरपाई अशा कामांत ही नोंद पाहिली जाते. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवरील नोंदणीची भर पडली. काटोल वा सावनेरच्या कापूस उत्पादकाला आपल्या शेतात काय पिकले हे ठाऊक असतेच. पण ते फोनने मान्य केल्याशिवाय आता शासनाला ठाऊक होत नाही. ई-पीक पाहणीत एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची मुभा आहे आणि मदतीला सहायक नेमण्याची तरतूदही करण्यात आली, ही सुज्ञपणाची गोष्ट होय. कारण वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांजवळच स्वतः वापरीत असलेला मोबाईल होता, आणि त्यात साधे फोनही आले. जी वस्तू सर्वांजवळ नाही, ती हक्क मिळविण्याचे एकमेव दार होऊ शकत नाही.

ह्या संदर्भात करधोरणातील एक विसंगतीही नोंदविण्यासारखी आहे. मोबाईल फोनवरील वस्तू व सेवा कर १ एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्क्यांवर नेण्यात आला. सप्टेंबर २०२५ च्या करफेररचनेत दूरचित्रवाणी संच व वातानुकूलन यंत्रे २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरली, फोन मात्र होता तेथेच राहिला. एका हाताने एखादी वस्तू अपरिहार्य करावयाची आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर वातानुकूलन यंत्राइतका कर घ्यावयाचा, हे सुसंगत धोरण म्हणता येणार नाही.

सिंप्युटरचा विसरलेला धडा

ह्या प्रश्नाचा विचार आपल्याकडे कधी झालाच नाही असे नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी काही अभियंत्यांच्या साह्याने ह्या शतकाच्या आरंभी ‘सिंप्युटर’ नावाचा हातात मावणारा, स्पर्शाने चालणारा संगणक बनविला होता. तो भारतीय भाषांतील मजकूर वाचून दाखवू शके, आणि एकच यंत्र अनेकांनी आपापले कार्ड घालून वापरावे, अशी त्यात सोय होती. २००४ मध्ये तो बाजारात आला. पण खपला फारच थोडा. व्यापारी दृष्ट्या तो प्रयत्न फसला. तरीही त्याच्या निर्मात्यांनी विचारलेला प्रश्न अचूक होता. ज्याला वाचता येत नाही आणि ज्याला स्वतंत्र यंत्र परवडत नाही, त्याच्यापासून आरंभ केला तर यंत्र कसे असेल, हा तो प्रश्न. आज यंत्रे त्याहून कितीतरी समर्थ आहेत; प्रश्न तेवढा मागे पडला आहे.

तेव्हा शासनाने यापुढे असे यंत्र हाती देण्यापूर्वी किंवा अनिवार्य करण्यापूर्वी काही साध्या कसोट्या लावाव्यात. ते मे महिन्यात नागपूर जिल्ह्यातील एखाद्या अंगणवाडीत महिनाभर वापरून पाहावे, वातानुकूलित दालनात नव्हे. ॲप पहिल्या दिवसापासून मराठीत असावे. दुरुस्ती, रिचार्ज व बदली यंत्राची तरतूद खरेदीच्या निविदेतच असावी. आणि यंत्र बंद पडले त्या दिवशी कागदावरची नोंद तितकीच ग्राह्य धरली जावी. ह्या अटींना खर्च येईल, हे खरे. पण तो खर्च आज होत नाही असे नाही. तो होतच आहे. फक्त शासनाच्या हिशेबात दिसत नाही, कारण तो सेविकेच्या मानधनातून आणि रिकाम्या हाताने परतणाऱ्या आईच्या पायपिटीतून वसूल होतो.