बँड ऐकायला जरूर जा, इअरप्लग मात्र विसरू नका

वीस-बावीस वर्षांच्या मुलांचे आईवडील अलीकडे एक नवीन तक्रार घेऊन दवाखान्यात येतात. पोरगा (आता पोरगीसुद्धा) सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातो, संध्याकाळी एखाद्या छोट्या हॉलमध्ये किंवा कॅफेत, घरात कुणी नावही न ऐकलेला बँड दोन तास उभ्याने ऐकतो, रात्रीच्या गाडीने परत येतो आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, कानात शिट्टी वाजतेय. "डॉक्टर, तुम्हीच सांगा त्याला, हे बंद कर म्हणून."

मी तसं सांगत नाही. का सांगत नाही, ते आज लिहितो.

आधी हे 'इंडी' प्रकरण काय ते पाहू. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. सिनेमाचा किंवा मोठ्या कंपनीचा आधार न घेता, स्वतःची गाणी स्वतः लिहून वाजवणारी ही मंडळी. मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव १९८६ साली सुरू झाला. लोअर परळचं 'ब्लू फ्रॉग' २००७ ते २०१६ या काळात अशा बँडचं हक्काचं ठिकाण होतं. पुण्यात २०१० पासून 'एनएच७ वीकेंडर' सुरू झालं. पण अशा बँडची खरी वाढ होते ती शंभर-दीडशे माणसांच्या खोलीत. तिथं गाणारा आणि ऐकणारा यांच्यात चार हातांचं अंतर असतं, आणि सूर चुकला तर दोघांनाही कळतो.

आपल्या सोलापूरला हे परकं वाटायचं कारण नाही. शाहीर राम जोशी इथलेच. कीर्तन-पुराणाच्या घरातला हा मुलगा लावणी-तमाशाच्या नादी लागला, ते घरच्यांना अजिबात रुचलं नव्हतं असं सांगतात. म्हणजे पोरांच्या गाण्याच्या नादाबद्दल सोलापुरातले आईवडील दोनशे वर्षांपासून काळजीत आहेत.

ऐकण्याचा तब्येतीला फायदा होतो का?

होतो असं म्हणायला आधार आहे. २०१९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास आला. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ६,७१० लोकांचा १४ वर्षं मागोवा घेतला होता. जे लोक दर काही महिन्यांनी संगीताचा कार्यक्रम, नाटक, संग्रहालय अशा ठिकाणी जात, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचा धोका कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी दिसला. पैसा, शिक्षण, आजारपण यांचा हिशेब धरूनही फरक राहिला. यावरून 'गाणं ऐका आणि आयुष्य वाढवा' असं कुणी म्हणू नये. अशा अभ्यासात कारण सिद्ध होत नाही. जो घराबाहेर पडतो तो मुळातच थोडा धडधाकट असतो. तरीही, मोबाइलमध्ये डोकं खुपसून एकटं बसण्यापेक्षा चार अनोळखी लोकांसोबत घाम येईपर्यंत नाचणं मनाला आणि हृदयाला बरं, हे सांगायला मला अभ्यासाची गरज वाटत नाही. उदास चेहऱ्याने 'झोप लागत नाही' म्हणत येणारी तरुण मुलं मी रोज पाहतो. त्यांच्या आयुष्यातून ही एक गोष्टसुद्धा काढून घेतली, तर त्या जागी आपण काय देणार आहोत?

मग शिट्टी का वाजते?

कानाच्या आत शंखासारखी वळलेली एक नळी असते, कॉक्लिया. तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूकडे निरोप जातो. शेतातून माणसं चालत गेली की गवत आडवं होतं आणि काही वेळाने उभं राहतं, तसं या पेशींचं होतं. पण रोज त्याच वाटेने ट्रॅक्टर नेला तर तिथं गवत उगवतच नाही. माणसाच्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. कार्यक्रमानंतर कान बधिर वाटणं, शिट्टी वाजणं म्हणजे गवत आडवं झाल्याची खूण. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरं वाटतं. मात्र बरं वाटलं म्हणजे काहीच झालं नाही, असं नसतं. पेशी आणि नस यांच्यातले सांधे आधीच तुटलेले असू शकतात, आणि तपासणीचा आलेख तरीही ठीक दिसतो, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

आता थोडं गणित करू. कामगारांसाठी अमेरिकेतली एक संस्था जो हिशेब वापरते, त्यात ८५ डेसिबल आवाज रोज आठ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. छोट्या बंद खोलीत ड्रम आणि गिटारचे ॲम्प्लिफायर मिळून १०० डेसिबल सहज गाठतात, कारण आवाजाला पळून जायला जागा नसते. दोन तास तिथं उभं राहिलं की दिवसाच्या कोट्याच्या आठपट आवाज कानात गेला. आता कानात असा इअरप्लग घाला की जो खरोखर १५ डेसिबल कमी करतो. आवाज उरला ८५, कोटा आठ तासांचा, आणि तुम्ही वापरले दोन. म्हणजे एका छोट्या वस्तूमुळे आठपटीचा पाव झाला. औषधांच्या दुनियेत इतकं स्वस्त आणि इतकं परिणामकारक फार थोडं आहे.

तक्रार घेऊन आलेल्या अशाच एका वडिलांशी बोलताना माझ्या लक्षात आलं की मला प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागतोय. तीस वर्षं यंत्रमागावर काम. पूर्व भागातल्या गल्लीतून जाताना मागाचा खडखडाट तुम्हीही ऐकला असेल. शेडच्या आत तो ९५ डेसिबलच्या पुढे असू शकतो, आणि तोही रोज, संपूर्ण पाळीभर. मुलाची आणि त्यांची, दोघांची ऑडिओमेट्री करून घेतली. मुलाची सुदैवाने ठीक आली. वडिलांच्या आलेखात ४००० हर्ट्झला खोल खड्डा, आवाजाने गेलेल्या कानाची ती ठळक खूण. मुलाच्या कानाची काळजी करणाऱ्या या माणसाला तीस वर्षांत कुणी इअरप्लग दिला नव्हता. त्यांना वाटत होतं, वय झालं. आता ते श्रवणयंत्र वापरतात. घरात मागावर काम केलेलं कुणी असेल, टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल, तर ही साधी, न दुखणारी तपासणी करून घ्या.

आता जरा माझं मत. मुंबईत धोबी तलावजवळ रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह होतं. रॉकवाल्यांची एक पिढी तिथं वाढली. आजूबाजूला रुग्णालयं आणि महाविद्यालय, म्हणून तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि तिथले कार्यक्रम थांबले. डॉक्टर म्हणून मी त्या नियमाच्या बाजूने आहे. रुग्णालयाच्या खाटेवरच्या माणसाला उठून जाता येत नाही. नेमक्या याच कारणाने मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीला माझा विरोध आहे: पाळण्यातल्या बाळाने, हृदयविकाराच्या आजोबांनी तो आवाज मागितलेला नसतो. बंद हॉलमधला बँड वेगळा. तिथं तिकीट काढून, आपल्या मर्जीने जातात, आणि नको वाटलं तर दार उघडून बाहेर येता येतं. रस्त्यावर काहीही चालतं आणि चांगल्या बंदिस्त खोलीत गाणाऱ्या पोरांना मात्र सोलापुरात जागा मिळत नाही, हे मला उलटं वाटतं. हुतात्मा स्मृती मंदिर आहे, पण कॉलेजच्या चार पोरांना ते मोठं पडतं. भिंतींना आवाज शोषणारं अस्तर लावलेला शे-सव्वाशे खुर्च्यांचा एक हॉल शहरात झाला, तर मुलांना बँड ऐकायला अडीचशे किलोमीटर जावं लागणार नाही.

असा हॉल चालवणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मानकं दिली आहेत: पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत ठेवणं, आवाज सतत मोजणं, इअरप्लग उपलब्ध करणं, कान निवायला शांत जागा ठेवणं. शंभरची ही मर्यादा छत आहे, रात्रभर बसायची जमीन नव्हे.

जाणाऱ्यांनी काय करावं? मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. अर्धवट बाहेर लोंबणारा प्लग काही कामाचा नाही. कापसाचे बोळेही नाहीत. फोमने गाणं गोधडीतून ऐकल्यासारखं वाटतं ही मुलांची तक्रार खरी आहे, म्हणून नियमित जाणाऱ्यांनी संगीतकारांसाठीचे प्लग घ्यावेत. ते महाग असतात, पण सूर न बिघडवता आवाज खाली आणतात. स्पीकरसमोर उभं राहू नका. मधूनमधून दहा मिनिटं बाहेर या. येताना हेडफोन लावून पुन्हा तीच गाणी नकोत, त्या रात्री कानांना सुट्टी द्या. आणि आत शिरताच बाहेर पडायचं दुसरं दार कुठं आहे ते बघून ठेवा. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आगीत १४ जीव गेले होते.

शिट्टी दोन दिवसांपेक्षा जास्त टिकली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर ते कार्यक्रमामुळे असो वा नसो, त्याच दिवशी दाखवा. त्यावरचं औषध पहिल्या काही दिवसांत जास्त उपयोगी पडतं. तोवर कानात कोमट खोबरेल तेल सोडू नका. आजी म्हणाली तरी.