रात्री दात खाणारी माणसे

मार्च २०१७ मधली गोष्ट. जेवताना माझी खालची दाढ तडकली. सुपारी नव्हती, चिक्की नव्हती. ताटात वरण-भात होता. दंतवैद्य बाईंनी आरसा घालून पाहिले आणि विचारले, ‘‘काका, रात्री दात खाता का?’’ मी ठामपणे नाही म्हणालो. आमची सौ. शेजारीच बसली होती. ती म्हणाली, ‘‘नाही कसं? चार महिने झाले, जातं ओढल्यासारखा आवाज येतो यांचा.’’

चार महिने मागे मोजले, तर नोव्हेंबर २०१६ आला. बँकेतल्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत हिशेब इतका चटकन जुळल्याचे मला आठवत नाही.

आमच्या लहानपणी झोपेत दात खाणाऱ्या मुलाला जंत झाले असे ठरवून वावडिंग पाजत. वैद्यकशास्त्र या सवयीला ‘ब्रक्सिझम’ म्हणते. तिचे दोन प्रकार : झोपेत दात खाणे आणि जागेपणी नकळत जबडा आवळून बसणे. एरवी ओठ मिटलेले असले तरी वरचे आणि खालचे दात टेकलेले नसतात. मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट असते. ती फट तासन्‌तास बंद राहू लागली की कानशिले ठणकतात, सकाळी तोंड उघडताना जबडा कटकन वाजतो आणि दातांवरचे एनॅमल, म्हणजे शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, झिजू लागते.

सगळे खापर कामाच्या ताणावर फोडता येणार नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. झोपेतल्या दात खाण्यामागे श्वास अडखळण्याचा विकार, दारू, तंबाखू, कॉफी, नैराश्यावरची काही औषधे अशीही कारणे असतात. जागेपणी जबडा आवळण्याचे ताणाशी असलेले नाते मात्र अधिक स्पष्ट आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२१ साली दंतवैद्यांना विचारले, तेव्हा करोनाच्या साथीपासून असे रुग्ण वाढल्याचे ७० टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितले. हे मोजमाप नव्हे, डॉक्टरांचे निरीक्षण आहे. पण दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

माझी साथ वेगळी होती. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याने पाहिले तर चलनातल्या सुमारे ८६ टक्के. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. नोटा बदलून देण्याची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार हजार, मग दोन हजार झाली आणि २४ नोव्हेंबरनंतर बदलून देणेच थांबले. मध्येच बोटाला शाई लावण्याचा हुकूम आला. दोन हजारांची नवी नोट जुन्या एटीएममध्ये बसेना. सकाळी रांगेतल्या माणसाला जे सांगितले, ते संध्याकाळी खोटे ठरे. रांगेतला माणूस आमच्यावर ओरडत होता आणि त्याचे बरोबर होते. आम्ही वर काही बोलू शकत नव्हतो, खाली ओरडू शकत नव्हतो. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ ही म्हण ज्याने प्रथम वापरली, त्याला जबड्याचे शास्त्र नक्की कळत असावे.

बाईंनी मला नाइट गार्ड दिले. ते दात वाचवते, सवय मोडत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही बुडीत कर्जाची तरतूद झाली : ताळेबंद सावरतो, वसुली होत नाही. आज ताणाचा सगळा विचार याच मार्गाने चालला आहे. कंपन्या योगाचे वर्ग भरवतात, ध्यानाची व्याख्याने ठेवतात. म्हणजे काम कसे द्यायचे ते आम्ही ठरवू, जबडा सैल ठेवायची जबाबदारी मात्र तुमची.

२०२४ साली पुण्यात एका बहुराष्ट्रीय कंपनीत नुकत्याच लागलेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. तिच्या आईने कामाच्या बोज्याबद्दल कंपनीला लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. मृत्यूच्या कारणाचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. पण अशा प्रश्नाची दाद आपल्या कायद्यात कुठे मागायची? २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती. तिच्यात दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस होता, गिरणीतल्या कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा रोग होता. धूळ मोजता येते, म्हणून ती यादीत गेली. कामाने मनावर येणाऱ्या ताणाला त्या यादीत जागा मिळाली नाही. जपानने २०१४ साली अतिश्रमाने होणारे मृत्यू रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. आपण निदान कामाचे तास आणि वरून रोज बदलणारे हुकूम यांची नोंद ठेवायला सुरुवात करावी. ज्याची नोंद नाही, त्याचा हिशेब कोणी मागत नाही, हे बँकेत शिकलो.

माझ्या स्वतःच्या खात्यावरही एक नोंद बाकी आहे. त्या नोव्हेंबरात एका रात्री दहा वाजता आमच्या तरुण कॅशियरच्या रोकडीत साडेतीन हजार कमी आले. सकाळी नऊपासून तो काउंटरवरून उठला नव्हता. ‘‘साहेब, उद्या सकाळी पुन्हा मोजू का?’’ त्याने विचारले. रिवाज असा की, तूट कॅशियरने स्वतः भरायची. मी म्हणालो, ‘‘भरून टाक आणि घरी जा.’’ तो काही बोलला नाही. त्याच्या गालामागचा स्नायू तेवढा ताठ झालेला मला दिसला. मी वहीवर सही केली.

माझ्या दाढेवर टोपी बसली. त्याच्या दातांचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारले नाही.